ब्राउझरमधला वाडा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दिवाळीत गावी जाऊन आलो, त्याबद्दल लिहायचं म्हणून दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. आज लिहूनच टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या मंडळी.

तर झालं असं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्या (आठवीत आहे) माझा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. हा लॅपटॉप मी चार वर्षांपूर्वी पुण्याहून त्याच्या 'अभ्यासासाठी' पाठवला होता. अवतरणचिन्हं उगाच टाकलेली नाहीत. डोकावून पाहिलं तर माइनक्राफ्ट. चौकोनी डोंगर, चौकोनी झाडं, चौकोनी सूर्य. खेळाचं नवल नाही वाटलं, लॅपटॉपचं वाटलं. चार जीबी मेमरीचं ते खोकं साधा व्हिडिओ लावला तरी धापा टाकतं. शिवाय हा खेळ विकत घ्यावा लागतो. ते पैसे कोणी दिले?

"विकत नाही घेतला काका. नुसती फाइल आहे ही."

फाइल म्हणजे खरंच एक फाइल. तालुक्याच्या गावातल्या नेट कॅफेत बसणाऱ्या कुणा दादाने पेन ड्राइव्हवर दिलेली. डबल क्लिक केलं की ब्राउझर उघडतो आणि ब्राउझरच्या आत खेळ. इन्स्टॉल काही नाही, लॉगिन नाही, एकट्याने खेळायचं तर इंटरनेटसुद्धा नाही. वर्गातल्या नऊ-दहा पोरांकडे तीच फाइल आहे म्हणे. मी काकागिरी करत म्हटलं, "चोरीचं कशाला खेळतोस, मी खरा घेऊन देतो." त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते अजून डोक्यात आहे. म्हणाला, "मग मी एकटाच खेळू का? बाकीच्यांना कोण घेऊन देणार?"

मी गप्प. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर शोधत बसलो की ही फाइल आली कुठून. पेशाने प्रोग्रामर असल्याचा हा तोटा, किडा वळवळायला लागला की झोप येत नाही. आणि जे सापडलं त्यात माझाही एक जुना धागा निघाला.

२००९ साली मी पुण्यात एका लहानशा कंपनीत जावावर काम करत होतो. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर एकमेकांना लिंका पाठवायची पद्धत होती. त्यातली एक उघडली तर ब्राउझरच्या पानात एक करडा चौकोन, त्यात जावाची खूण फिरतेय, फिरतेय... आणि मग हिरवं मैदान. क्लिक केलं की ठोकळा बसतो, परत क्लिक केलं की निघतो. बस. ना गुण, ना शत्रू, ना शेवट. मी दहा-बारा ठोकळे रचले, एक वाकडी भिंत झाली, आणि शेजारच्याला म्हणालो, "याला कोण पैसे देणार?" (माझ्या भविष्यवाण्या अशाच असतात. पुढे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा खेळ बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली. २०२३ पर्यंत खेळाच्या तीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. घरच्यांनी म्हणूनच मला शेअर बाजारापासून लांब ठेवलंय.)

मुद्दा असा की माइनक्राफ्ट जन्मालाच ब्राउझरमध्ये आला. मार्कस पर्सन नावाच्या स्वीडिश प्रोग्रामरने मे २००९ मध्ये तो लोकांसमोर ठेवला. जावात लिहिलेला असल्यामुळे अ‍ॅपलेट म्हणून वेबपानात चालायचा. अ‍ॅपलेट म्हणजे पानाच्या आत चालणारा छोटा जावा प्रोग्राम, त्या काळी बँकेपासून बुद्धिबळापर्यंत सगळीकडे असायचे. 'क्लासिक' म्हणून पुढे ओळखली गेलेली ती आवृत्ती फुकट होती. त्यामुळे आज पोरं जे करतायत ते काही नवीन नाही. आम्हीही तो फुकट आणि ब्राउझरमध्येच खेळलो, फक्त तेव्हा मालकाची परवानगी होती.

त्याच्याही मागे एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त आवडते. २००९ मध्येच झॅकरी बार्थ या अमेरिकन प्रोग्रामरने 'इन्फिनिमायनर' नावाचा खेळ काढला होता. दोन संघ, ठोकळ्यांचा डोंगर, खणून खनिज काढायचं आणि जिंकायचं. खेळणाऱ्यांनी मात्र जिंकणं सोडून त्या ठोकळ्यांची बांधकामं सुरू केली. आणि मग घोळ झाला. बार्थने कोड झाकून ठेवायची काळजी घेतली नव्हती. लोकांनी तो उलगडला, आपापल्या आवृत्त्या काढल्या, एकाची दुसऱ्याशी जुळेना. शेवटी बार्थने तो खेळ पुढे नेणं सोडलं आणि कोड सगळ्यांसाठी खुला करून टाकला. पर्सनने इन्फिनिमायनर पाहिला होता, त्यावरून आपल्याला कल्पना सुचली हे त्याने कधी लपवलं नाही. आता एकाची कल्पना घेऊन स्वतः कोड लिहिणं आणि दुसऱ्याचा कोडच उचलणं यात फरक आहे, हे मला कळतं. पण ठोकळ्यांच्या या खेळाच्या वंशावळीत मूळपुरुषापासूनच नकला आहेत, हे वाचून त्या रात्री मला पुतण्याचा राग थोडा कमी आला, हेही खरं.

मग ब्राउझरचं दार बंद कसं झालं? खेळामुळे नाही, जावामुळे. अ‍ॅपलेट चालवायला ब्राउझरला जे जोडकाम लागायचं त्यातून व्हायरस आत शिरायचे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ते कायमचं काढून टाकलं, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. ज्या जावाच्या जोरावर मी घर चालवलं ते ब्राउझरातून असं निघून गेलं आणि कोणाला चुटपुटही लागली नाही. असो. तोवर माइनक्राफ्टही रीतसर डाउनलोड करायचा, विकतचा, मोठ्या मेमरीचा खेळ झालेला होता.

पण दुसऱ्या बाजूने एक खिडकी उघडलेली होती. २०११ पासून ब्राउझरला वेबजीएल मिळालं. त्यामुळे कुठलंही जोडकाम न बसवता वेबपानाला थेट संगणकाच्या ग्राफिक्सचा उपयोग करता यायला लागला. मग हौशी लोक सुटले. कोणी शाळेतल्या पोरांसाठी असलेल्या स्क्रॅचमध्ये माइनक्राफ्टची सपाट, कागदी आवृत्ती केली. कोणी जुन्या क्लासिकसारखा खेळ पहिल्यापासून नव्याने लिहिला. मूळ कंपनीनेही २०१९ च्या मे महिन्यात, दहाव्या वाढदिवसाला, तो २००९ चा क्लासिक ब्राउझरमध्ये परत आणला. बत्तीस प्रकारचे ठोकळे आणि जुन्या चुकांसकट.

आमच्या पोराकडची फाइल यातली नाही. तिचं नाव ईगलरक्राफ्ट. २०२२ च्या सुमारास टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रामरने ती केली, पुढे आणखी लोक हाताशी आले. त्यांनी नवा खेळ लिहिला नाही. खऱ्या माइनक्राफ्टची जुनी १.५.२ ही आवृत्ती घेतली, तिचा जावा कोड उलगडला आणि टी-व्हीएम नावाच्या साधनातून त्याचं जावास्क्रिप्ट केलं. मग तसंच १.८.८ या आवृत्तीचं केलं. ज्यांनी कधी जावा प्रोग्राम हलवून दुसरीकडे बसवलाय त्यांना हे काय काम आहे ते कळेल. आवाज, चित्रं, साठवण, दोघांनी मिळून खेळायची सोय, सगळं ब्राउझरच्या भाषेत परत बसवायचं. बरं, पैसे शून्य. मी टोपी काढली (डोक्यावर नव्हती, तरी).

अमेरिकेत ही गोष्ट शाळांमधून पसरली. तिथे पोरांना शाळेकडून क्रोमबुक मिळतात. त्यावर खेळ बसवायला बंदी, पण ब्राउझर तर लागतोच. मग ब्राउझरमध्येच खेळ. आपल्याकडे बंदीचा प्रश्न नाही, खोक्याचा आहे. घरात एक जुना लॅपटॉप, तोही कुणा काकाने दिलेला. नवीन माइनक्राफ्ट त्यावर उठतसुद्धा नाही, मी प्रयत्न करून पाहिला. १.८.८ ही २०१५ सालची आवृत्ती आहे, त्यामुळे २०१५ च्या लॅपटॉपवर आरामात चालते. जुनं ते जुन्याला झेपतं.

कायद्याचं म्हणाल तर सरळ आहे, हे बेकायदेशीर आहे. खेळाची प्रत दुसऱ्याला वाटायची नाही, असं कंपनीच्या अटीत स्वच्छ लिहिलंय. कंपनीने नोटिसा पाठवल्या, गिटहबवरून कोड काढायला लागला, तो दुसऱ्या नावाने दुसरीकडे उगवला. हरळीसारखं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मी पंचवीस वर्षं कोड लिहून पोट भरतोय, कोणी माझं काम असं वाटत सुटलं तर मी काय म्हणेन ते मला माहीत आहे. आणि पुतण्याच्या त्या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांना विकत नको, मोकळं आणि रीतसर हवं त्यांच्यासाठी लुआंटी नावाचा खेळ आहे (२०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं), तो मी त्याला बसवून दिला. त्याने दोन दिवस सौजन्य म्हणून खेळला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. हा लेख इथे संपलाही असता. पण तिसऱ्या दिवशी अण्णा त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

अण्णा म्हणजे माझे वडील, सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पोरगं ठोकळ्यांचं घर बांधत होतं. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "जोतं कुठंय रं? जोत्याबिगर भिंत उभारायलास."

"लागत नाही अण्णा इथे."

"लागत नाही कसं? पडंल की."

"नाही पडत." आणि त्याने दाखवलं. भिंतीचे खालचे दोन थर काढून टाकले. वरची भिंत हवेत तशीच. मग झाडाचं खोड तोडलं, शेंडा हवेत. अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेरच्या विटा पाण्यावर तरंगत्यात, तसं हे." (आमच्या जिल्ह्यातल्या मंडळींना सांगायला नको. तेरच्या जुन्या देवळांच्या विटा इतक्या हलक्या की पाण्यात टाकल्या तर बुडत नाहीत. गोरोबाकाकांचं गाव, मातीचं काम तिथल्या लोकांना कोणी शिकवायचं.)

खेळाचा हा नियम आहे. वाळू आणि खडीसारखे थोडेच ठोकळे खाली पडतात, म्हणजे त्यांच्याखालची जागा मोकळी झाली की. दगड, माती, लाकूड, विटा काहीही पडत नाही. पर्सनने ते तसं ठेवलं आणि तसंच राहिलं. पोरांना घर बांधणं सोपं जावं, एवढंच त्यामागे असेल. पण ३० सप्टेंबर १९९३ ज्यांच्या घरावरून गेलाय अशा माणसासमोर तो नियम पहिल्यांदा उघड होताना मी बघत होतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, इतरांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. त्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण नुकसान आमच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागातही तितकंच. सास्तूर, राजेगाव ही नावं तेव्हा पेपरात रोज यायची. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत वेगवेगळे दिले जातात. भूकंप सहापेक्षा थोडाच जास्त तीव्रतेचा होता. जगात अशा भूकंपात सहसा एवढी माणसं जात नाहीत. माणसं गेली ती घरांमुळे. आमच्याकडे दगडाच्या दोन-दोन हात रुंद भिंती, मातीच्या चिखलात रचलेल्या. भिंतीला आतून एक पदर, बाहेरून एक पदर, मधे भराव. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा लांब दगड फारच कमी ठिकाणी. आणि वर माळवद. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर लाकडं पसरून मग माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण पाऊस आला की गळतं, म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या आधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा. जुना कोणी काढत नाही. शंभर वर्षांचं घर असेल तर डोक्यावर किती माती झाली असेल याचा हिशेब करा.

आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन होतं. अण्णांना उशीर झाला, ते मारुतीच्या पारावरच आडवे झाले. मी सहावीत, सोलापूरला आत्याकडे शिकायला. आई आणि धाकटा भाऊ (पुतण्याचा बाप, तेव्हा सहा वर्षांचा) दुपारपर्यंत माती उपसून निघाले. आजी नाही निघाली. म्हणजे निघाली, पण... असो.

वाड्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आत्याच्या लग्नातला एक आहे, त्यात नवरानवरीच्या मागे दाराची अर्धी चौकट दिसते. तेवढंच.

तर त्या दुपारी पोराने सहज विचारलं, "अण्णा, आपलं जुनं घर सांगा ना, मी बांधतो." मी मान खाली घातली. आमच्या घरात हा विषय असा कोणी काढत नाही. पण अण्णा खुर्ची ओढून बसले.

पुढचे तीन दिवस मी जे पाहिलं ते सांगतो. आधी मापाचा घोळ. माइनक्राफ्टचा ठोकळा एक मीटरचा. अण्णा हातात आणि खणांत बोलणार. मी कागदावर हिशेब मांडला, एक ठोकळा म्हणजे साधारण सव्वादोन हात. भिंत दोन हातांपेक्षा थोडी जास्त होती, म्हणजे बरोबर एक ठोकळा. खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, पाच हातांचा, म्हणजे दोन ठोकळे आणि वर थोडं. पण खांबसुद्धा एक ठोकळा जाड करावा लागतो, त्यामुळे ते हत्तीच्या पायासारखे दिसायला लागले. अण्णा म्हणाले, "आसू दे. सागवानीच होते, जाडच होते."

मग दगड. आमचा सगळा मुलूख काळ्या दगडाचा, बेसाल्टचा. पोराने यादी धुंडाळली, बेसाल्ट नाही! शोधल्यावर कळलं की तो खेळात २०२० मध्ये आला, आमची फाइल २०१५ च्या आवृत्तीत अडकलेली. गंमत म्हणजे खेळात तेव्हा तो ठेवला कुठे, तर 'नेदर'मध्ये, म्हणजे त्यांच्या नरकात. आमच्याकडे पायरीपासून पाट्या-वरवंट्यापर्यंत ज्याचं सगळं, तो दगड मिळवायला यांच्याकडे नरकात जावं लागतं :) अँडेसाइट म्हणून एक करडा दगड होता, त्यावर भागवलं. चिखलाच्या विटाही नाहीत, त्या २०२२ च्या. माती आहे, पण काळी-तांबडीच. पांढरी माती कुठल्याच आवृत्तीत नाही.

ढाळज, चौक, चौकाच्या दोन बाजूंना ओसरी, मागे माजघर, बळद, देवघर. अण्णा डोळे मिटून सांगायचे आणि पोरगं ठोकळे टाकायचं. अडलं की आत्याला फोन. "देवघर उगवतीला होतं का मावळतीला?" आत्या म्हणे उगवतीला. अण्णा म्हणे, "तिचं लगीन होऊन गेल्यावर म्या हलवलं ते." यावरून भावाबहिणीचं फोनवर पाऊण तास चाललं. बत्तीस वर्षांत त्या घराबद्दल ही दोघं इतकं बोलली नसतील. माझा भाऊ लांबूनच बघत होता. त्याला त्या घरातलं काहीच आठवत नाही, असं तो नेहमी सांगतो. दुसऱ्या दिवशी तो आत येऊन म्हणाला, "माजघरात उजेडाचं भोक होतं ना वरती? त्यातून ऊन पडायचं, गोल." पोराने माळवदाला भोक ठेवलं. खेळात गोल होत नाही, चौकोनी झालं.

आणि मग माळवदावर माती टाकायची वेळ आली. पोराने तुळया टाकल्या, फळ्या टाकल्या, वर मातीचा एक थर दिला. एक मीटर माती. मग विचारलं, "अण्णा, अजून एक थर टाकू?"

अण्णा उठून उभे राहिले. म्हणाले, "नको. झाली तेवढी माती." आणि बाहेर गेले.

नंतर संध्याकाळी, गुरांना पाणी दाखवताना, ते माझ्याशी बोलले. मी चाळीस ओलांडलेला माणूस, पण हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्र्याण्णवच्या वैशाखात त्यांनी स्वतः चार गाड्या पांढरी माती वर टाकली होती. आधीच्या वर्षी आजीच्या अंथरुणावर गळलं होतं, ती कुरकुरत होती, म्हणून त्या वर्षी थर जाड घातला. नेमका माजघरावर. एवढंच बोलले. मी काय बोलणार? शंभर वर्षांच्या मातीत ती चार गाड्या किती, असं काहीतरी म्हणालो. त्यांनी बादली उचलली.

आमच्या आताच्या गावाबद्दलही सांगायला हवं, कारण तेही एका अर्थी ठोकळ्यांचंच आहे. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, जागतिक बँकेच्या मदतीने. जमिनीप्रमाणे घरं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना चारशे, त्यावरच्यांना साडेसातशे. आम्ही चारशेवाले. रुंद सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, घरापुढे घर. बोळ नाही, चौक नाही, एका आळीत राहणारी माणसं यादीप्रमाणे चार दिशांना. सिमेंटची घरं उन्हाळ्यात तापतात, पण गेल्या तीस वर्षांत त्याबद्दल कुरकुर करणारा म्हातारा माणूस मी पाहिला नाही. तरुण करतात. दगडाची भीती मात्र गेली नाही. अण्णा त्या काळी अभियंत्यांच्या एका वर्गाला जाऊन आले होते, दगडी भिंत कशी बांधायची ते शिकवायला आलेले. दर ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घाला, भिंतीचे दोन्ही पदर बांधले जातील, असं त्यांनी सांगितलं होतं. अण्णा सगळं शिकून आले. परत दगडाला हात लावला नाही.

मी पुण्याला परत आलो. दहा दिवसांनी पोराचा फोन, लॅपटॉप फारच हळू चालतोय. मी इकडून शहाणपणा केला. फोनवरूनच त्याला एकेक पायरी सांगितली: सेटिंगमध्ये जा, हिस्ट्री, कुकीज, साइट डेटा, सगळ्यावर खूण कर, साफ कर. त्याने विचारलंही, "सगळं ना काका?" मी म्हटलं, सगळं.

ब्राउझरमधल्या या खेळात जग कुठे साठतं, हे मी त्या रात्री वाचलं होतं. ब्राउझरच्याच पोटात, साइट डेटामध्ये. वेगळी फाइल म्हणून बाहेर काढून ठेवायची सोय आहे, पण ती आपणहून वापरावी लागते. वाचलं होतं, मोठ्या कौतुकाने वाचलं होतं. पंचवीस वर्षं लोकांना बॅकअप घ्या म्हणून सांगतोय. आणि मीच तो वाडा फोनवरून पाडला.

पोरगं रडलं नाही, नुसतं "गेलं काका" म्हणालं. अण्णांना सांगायची माझी छाती होईना. पुढच्या शनिवारी गाडी पकडून गावी गेलो तर त्यांना आधीच कळलेलं होतं. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "तुला सोलापूरला ठिवलं होतं म्हणून तू ऱ्हायलास. आता तूच पाडलास व्हय." आणि हसले. अण्णा या विषयावर हसतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी दोघं परत बसले. या वेळी काम पटापट झालं, मापं पोराला पाठ होती. देवघर आत्याच्या म्हणण्याप्रमाणे उगवतीलाच ठेवलं (जिंकलीस, आत्या). भिंती निम्म्यावर आल्या आणि अण्णा म्हणाले, "थांब. हितं लांब दगड घाल."

"कसला लांब दगड?"

"आरपारचा. दोन्ही अंगाला धरून ऱ्हातो."

"अण्णा, भिंत एकच ठोकळा जाड आहे. आणि इथे पडत नाही काहीच."

"ठावं हाय. घाल तरी."

पोराने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने दर तिसऱ्या ठोकळ्याला एक अँडेसाइट काढला आणि तिथे पांढरा डायोराइट बसवला. चारही भिंतींना, जोत्यापासून वरपर्यंत. लांबून बघितलं तर भिंतीला गुंड्या लावल्यासारखं दिसतं. अण्णांनी प्रत्येक भिंत मोजून घेतली. माळवदावर माती या वेळी एकच थर, आणि माजघरावर तीही नाही, नुसत्या फळ्या.

जग बाहेर काढून तीन ठिकाणी ठेवलंय: पोराच्या पेन ड्राइव्हवर, माझ्याकडे आणि मेलवर. आत्या, तुला दोन फाइली पाठवल्या आहेत. मोठी आधी उघडायची, मग त्यातून दुसरी आत घ्यायची. जमलं नाही तर रविवारी मी सोलापूरला येतोच आहे.